परतीची वायर

सकाळी 8.10
कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ अजून सुरू झालेले नाहीत. शटर वर जाण्याचे आवाज तेवढे येतायत. मामांचा गाळा बारा बाय अठरा फुटांचा. भाडं महिन्याला साडेसात हजार, लाइट बिल वेगळं. आत एक लाकडी टेबल, टेबलाला व्हाइस, भिंतीवर खिळ्यांना टांगलेली वायरची वेटोळी. गाडी आत मावत नाही. तिचं काम दारातच, निळ्या ताडपत्रीखाली चालतं.

मामा एकसष्ट वर्षांचे. चौदाव्या वर्षी एका उस्तादांच्या हाताखाली डायनामोचे कार्बन घासायला लागले, तेव्हापासून हेच काम. त्यांना सगळा उद्यमनगर मामाच म्हणतो. हाताखाली एकोणीस वर्षांचा पोरगा आहे, रोजावर. रोज साडेचारशे आणि दोन वेळचा चहा. तो आधी झाडू मारतो, मग उदबत्ती लावतो, मग टेबलाच्या खणातून पिवळा मल्टिमीटर काढून त्याचे दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवतो. पीं वाजलं, म्हणजे मीटर चालू आहे.

“काल बंद करून ठेवला हुतास ना?” मामा विचारतात. मीटर रात्रभर चालू राहिला तर त्यातली नऊ व्होल्टची बॅटरी उतरते, आणि तिला चाळीस रुपये पडतात.

सकाळी 8.45
गाडी आली ती दोर बांधूनच. पुढे मुलाची पिकअप, मागे फिकट निळी अॅम्बेसेडर, मार्क टू, 1972 ची. स्टिअरिंगवर कागलचे एक निवृत्त शिक्षक. त्यांच्या वडिलांनी गुळाच्या पैशातून ती घेतली होती. ती बनवणारा उत्तरपाड्याचा कारखाना 2014 मध्ये बंद पडला. ही गाडी मात्र अजून लग्नाला, देवाला आणि वर्षातून एकदा जोतिबाला जाते.

उद्या अकरा वाजता आरटीओत पासिंग आहे. दर पाच वर्षांनी ते करावं लागतं. तिथे दिवे, हॉर्न, ब्रेक लाइट, इंडिकेटर सगळं बघतात. आणि गाडी चार-पाच दिवस उभी राहिली की सेल्फ मारत नाही. ब्रेक दाबला की मागचे भलतेच दिवे लागतात. हेडलाइट तर मेणबत्तीसारखे.

“एके ठिकाणी दाखवली,” सर म्हणाले. “त्यांनी सांगितलं, पूर्ण वायरिंग नवीन टाका. अठ्ठावीस हजार.”

मामांनी बॉनेट उघडलं. आत वाकून बघत राहिले, हात लावला नाही. “टाकू की सर. पन आदी बगू काय झालंय.”

सकाळी 9.05
पहिला तासभर, बॅटरी बदलण्यापलीकडे, पाना बाहेर निघाला नाही. मला हे नवीन होतं. मेकॅनिक म्हटला की तो लगेच काहीतरी खोलतो, अशी माझी समजूत होती.

मामांनी बॅटरीवर मीटर लावला. 11.7 व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 दाखवते. 11.7 म्हणजे जवळजवळ रिकामी. ती काढून चार्जरला लावली आणि दुकानातली बॅटरी गाडीला जोडली. मग सरांना आत बसवलं. “तुमी बसा, मी सांगीन तसं करा. पार्किंग लावा. आता ब्रेक. सोडा. उजवा इंडिकेटर. आता त्यातच ब्रेक.”

पोरगा मागे उभा राहून ओरडून सांगत होता आणि वहीत लिहीत होता. शंभर पानी वही, वर तेलाचे डाग. प्रत्येक जुन्या गाडीला त्यात एक पान. पार्किंग: डावा नीट, उजवा मंद. ब्रेक: डावा नीट, उजव्याचा ब्रेक मंद आणि उजवा इंडिकेटरही मिणमिणतो. उजवा इंडिकेटर दिला: उजवा पार्किंगही लुकलुकतो.

मामांनी वही घेतली, चष्मा कपाळावरून खाली ओढला, वाचलं. “उजव्या कोपऱ्यात अर्थ न्हाई,” ते म्हणाले. अजून ते गाडीच्या मागे गेलेही नव्हते.

सकाळी 9.50
आता गेले. उजव्या दिव्याची लाल काच काढली. आत दोन फिलामेंटचा बल्ब: पाच वॅटचं पार्किंगचं, एकवीस वॅटचं ब्रेकचं. शेजारी इंडिकेटरचा एकवीसचा.

मामांनी मीटरचा काळा प्रोब लांब वायरला जोडून बॅटरीच्या निगेटिव्हला लावला आणि लाल प्रोब बल्बच्या होल्डरच्या पत्र्याला टेकवला. “सर, ब्रेक.” आकडा आला 4.3.

हा आकडा मी समजून घेतला, कारण सगळ्या दिवसाची किल्ली त्यात होती. होल्डरचा पत्रा आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात काहीच फरक नसायला हवा. फार तर 0.1, 0.2 व्होल्ट. मोटारीत जाणारा करंट वायरीतून जातो, पण परत येतो तो गाडीच्या लोखंडातून. ती परतीची वाट म्हणजे अर्थ. इथे परतीच्या वाटेवरच 4.3 व्होल्ट सांडत होते. ब्रेकचा करंट होल्डरपर्यंत येत होता, पुढे वाट अडलेली, म्हणून तो शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून उलटा शिरून दुसरीकडून घरी जात होता. जाताना त्या बल्बाला मिणमिणवत होता. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर लागतो तो असा.

पोरानं वायरचा एक तुकडा होल्डरपासून चेसिसच्या उघड्या बोल्टला धरला. दिवा भक्कन लागला. शेजारचा विझला. सर गाडीतून उतरून बघायला आले.

मग दिव्याचं बूड खोललं. तीन स्क्रू. खाली मडगार्ड गुळगुळीत, फिकट निळा, चकचकीत. मामांनी त्यावरून अंगठा फिरवला.

“रंग कदी काढला?”

“दोन वर्षं झाली. चांगला काढलाय ना?”

“लय चांगला. दिव्याच्या खाली पन काढलाय.”

दिव्याला स्वतंत्र काळी वायर नव्हती. त्याचं बूड मडगार्डला भिडायचं, तोच त्याचा अर्थ. रंगारी मन लावून काम करणारा असावा. दिवे काढून त्यानं मडगार्डला सलग कोट दिला. डावीकडचा एक स्क्रू रंगाच्या आत लोखंडाला चावला, उजवीकडचे तिन्ही रंगावरच बसले. नवीन वायरिंग अठ्ठावीस हजारांचं टाकलं असतं, तरी हा रंग इथेच राहिला असता आणि दिवाही असाच मिणमिणला असता.

पोरानं पॉलिश पेपरनं स्क्रूच्या भोवती चवलीएवढी जागा घासली. लोखंड पांढरं दिसेपर्यंत. दातेरी वायसर टाकला, म्हणजे तो पत्र्यात रुतून बसेल. वर व्हॅसलीनचा हात, गंज धरू नये म्हणून. शिवाय एक काळी वायर होल्डरपासून थेट चेसिसला. दोन्ही बाजूंना. पुन्हा मीटर: 0.08.

सकाळी 10.50
चहा. दहा रुपयांचा अर्धा कप. तेवढ्यात एक रिक्षावाला आला, हॉर्न वाजत नव्हता. मामांनी उभ्यानंच हॉर्नचं टर्मिनल ओढून बघितलं, हिरवं पडलेलं, घासलं, दाबलं. साठ रुपये. रिक्षावाल्यानं पन्नास दिले आणि “मामा, दहा उद्या” म्हणून गेला.

सकाळी 11.15
आता बॅटरी कोण पितंय ते.

मामांनी निगेटिव्ह टर्मिनल काढलं आणि टर्मिनल व बॅटरी यांच्या मधोमध मीटर लावला, अँपिअरवर. म्हणजे गाडीत जे काही जाईल ते मीटरमधून जाईल. चावी बंद, सगळी बटणं बंद, दारं लावलेली. दार उघडं राहिलं तर आतला दिवा करंट घेतो आणि माणूस दुपारभर नसलेला दोष शोधत बसतो.

आकडा: 0.31.

पोरगा पुटपुटत हिशेब करायला लागला. मामा थांबले, त्याला करू दिला. 0.31 अँपिअर, चोवीस तास, म्हणजे दिवसाला सव्वासात-साडेसात अँपिअर-अवर. बॅटरी साठची. पाच दिवसांत निम्म्याहून जास्त गेली. “म्हनून रविवारी लावलेली शुक्रवारी मारत न्हाई,” पोरगा म्हणाला. मामांनी मान हलवली. शाबासकी दिली नाही, पण पुढचा पाना त्याच्याच हातात दिला.

या गाडीत फ्यूज दोनच. पहिला काढला: 0.31. दुसरा काढला: 0.31. म्हणजे पिणारा फ्यूजच्या अलीकडे बसलाय, थेट बॅटरीच्या वाटेवर. ती वाट तपकिरी.

मामांनी पोराला हे पाढ्यासारखं पाठ करून घेतलंय आणि तो तसंच म्हणतो. तपकिरी थेट बॅटरी. पांढरी चावीनंतर. हिरवी चावीनंतर फ्यूजमधून. जांभळी फ्यूजमधून, चावी नको. लाल पार्किंग. निळी हेडलाइट, निळी-पांढरी अप्पर, निळी-लाल डिपर. हिरवी-जांभळी ब्रेक. हिरवी-लाल डावा, हिरवी-पांढरी उजवा. काळी अर्थ. लुकास कंपनीनं इंग्लंडच्या गाड्यांसाठी बसवलेले रंग. मॉरिस ऑक्सफर्डवरून अॅम्बेसेडर आली तेव्हा हे रंगही सोबत आले. ज्याला ते येतात त्याला ही गाडी वाचता येते. अडचण एवढीच की पन्नास वर्षांत जिथे जिथे कुणी दुरुस्ती केली, तिथे हाताला येईल त्या रंगाची वायर घातली. या गाडीत डॅशच्या खाली निम्म्या वायरी लाल होत्या. लाल वायरचं वेटोळं त्या दिवशी कुणाकडे तरी उरलेलं असणार.

रेग्युलेटरच्या ‘ए’ टर्मिनलवर तीन वायरी. मामा एकेक सोडवत गेले. पहिली तपकिरी जाड: आकडा तसाच. दुसरी तपकिरी: तसाच. तिसरी बारीक लाल. काढली. 0.00.

“ही कंपनीची न्हवं,” मामा म्हणाले.

दुपारी 12.00
लाल वायर कुठे जाते ते बघण्यासाठी तिच्या मागे जावं लागतं. ती फायरवॉलच्या एका भोकातून आत गेली होती. भोकाला रबर नाही, पत्र्याची धार उघडी, वायरचं प्लास्टिक तिथे निम्मं कापलेलं. अजून वर्षभरात ती पत्र्याला लागली असती, आणि तिच्या वाटेत फ्यूज नाही. पुढचं मामांनी सरांना सांगितलं नाही. मला मात्र ती जागा नखानं दाखवली.

मग ते डॅशखाली गेले. एकसष्टाव्या वर्षी ते काम कसं करतात ते सांगायला हवं. पुढच्या सीटचं बूड काढून टाकलं. त्या जागी गोणपाट. त्यावर पाठ, डोकं पॅडलच्या खाली, पाय उलटे सीटच्या पाठीवरून मागच्या सीटवर. तोंडात टॉर्च. उजव्या हातात पक्कड, डाव्या हातानं वायर चाचपायची, कारण दिसत काहीच नाही. वरून पन्नास वर्षांची धूळ डोळ्यांत पडते. पाच मिनिटांनी मानेला रग लागते, दहा मिनिटांनी हात बधिर होतो. मामा बाहेर आले, मान दोन्ही बाजूंना वळवली, पुन्हा आत गेले. असं चार वेळा.

पाचव्यांदा बाहेर आले तेव्हा हातात एक काळी डबी होती, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, चिकटपट्टीत गुंडाळलेली. तिला सात वायरी, चार कुठेच न जोडलेल्या.

सरांनी ती ओळखली. “अहो, हा सायरन! 2004 ला बसवला होता. गल्लीत फटाका उडाला तरी बोंबलायचा. शेजारी चिडले, म्हणून काढून टाकला.”

काढला होता तो भोंगा. डबी तशीच राहिली. मामांनी ती कानाशी धरली आणि बॅटरीचं टोक लावलं. आत टक् झालं. मग ती माझ्या कानाशी धरली. आतले दोन रिले ओढून धरलेले होते, वाजवायला काही नसताना. डबी बोटांना कोमट लागत होती.

दुपारी 1.45
भाकरी, पिठलं, खर्डा. सर गाडीच्या सावलीत बसून डबा खात होते. मामांनी पोराला एका गाडीची गोष्ट सांगितली. त्यानं ती आधी ऐकलेली असावी, पण मन लावून ऐकत होता.

एक गाडी आली होती, सेल्फ मारला की चोकच्या वायरमधून धूर. मालक म्हणे चोक खराब आहे. तिघांनी चोक बदलला, तिन्ही जळाले. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळे ते बॉडीपासून सुटं. इंजिनापासून बॉडीला एक विणलेला तांब्याचा पट्टा असतो, तो त्याचा अर्थ. गिअरबॉक्स उतरवताना कुणीतरी तो काढला आणि परत लावायला विसरला. सेल्फला शे-दीडशे अँपिअर लागतात. त्यांना परत जायला पट्टा नाही, तेव्हा सापडली ती वाट धरली. सापडली ती चोकची तार. “पट्टा शंभराचा बी न्हवता तवा,” मामा म्हणाले. भाकरीचा शेवटचा तुकडा मोडून त्यांनी पिठलं पुसून घेतलं.

दुपारी 2.30
कोपऱ्यावरच्या स्पेअरच्या दुकानात पोरगा आणि मी. रिले दोन, प्रत्येकी 160. फ्यूज होल्डर दोन, प्रत्येकी 45. अडीच चौरस मिलिमीटरची वायर सहा मीटर, मीटरला 42. साठ-पंचावन्न वॅटचे बल्ब दोन, प्रत्येकी 190. लग, स्लीव्ह, वायसर मिळून 110. दुकानदारानं वहीत लिहिलं. मामांचं खातं महिन्याच्या महिन्याला.

पोरानं वायर बोटांत वाकवून बघितली, टोक सोलून आतल्या तारा मोजल्या. त्याच जाडीच्या दुसऱ्या वायरचा भाव तीस होता. ती त्यानं परत केली. “वरनं जाड दिसतीय, आत तांबं न्हाई,” असं त्यानं मला बाहेर आल्यावर सांगितलं.

दुपारी 3.10
हेडलाइट. मला विचाराल तर दिवसातलं सगळ्यात देखणं काम हे.

मामांनी दिवे लावले आणि बॅटरीपासून बल्बपर्यंतच्या वाटेवर प्रत्येक थांब्याला मीटर टेकवत गेले. पोरगा वहीत लिहीत होता. बॅटरी 12.5. दिव्याच्या बटणातून बाहेर 11.9. पायाच्या डिपरमधून बाहेर 10.6. बल्बच्या सॉकेटवर 9.9. आणि परतीच्या बाजूला, अर्थमध्ये, 0.2. म्हणजे बल्बला प्रत्यक्ष मिळाले 9.7. बटणानं 0.6 खाल्ले, डिपरनं 1.3, वायरनं 0.7. कुणी किती खाल्लं ते कागदावर आलं.

12.5 पैकी 9.7 म्हणजे जवळपास चौथाई गेली. पण उजेड चौथाईनं कमी होत नाही. फिलामेंटचा बल्ब व्होल्ट थोडे घटले तरी फार मंदावतो. 9.7 वर तो निम्म्याहूनही कमी उजेड देतो. कागलहून येताना रात्री सरांना साइडपट्टी दिसत नव्हती, ती यामुळे.

त्या उजेडावर कुणीतरी उपाय केला होता. बल्ब काढला तर तो शंभर-नव्वद वॅटचा निघाला. उजेड कमी, म्हणून मोठा बल्ब. मोठा बल्ब जास्त करंट ओढतो, त्यानं बटण आणि डिपर आणखी तापतात, व्होल्ट आणखी पडतात. डिपरची आतली पट्टी काळी-निळी झाली होती. शिवाय डायनामो. लुकासचा सी-40 डायनामो फार तर 22 अँपिअर देतो, तोही इंजिन पळत असताना. दोन शंभरचे बल्ब सोळा घेतात. मग मागचे दिवे, इग्निशन, वायपर आणि बॅटरी भरायला उरतं काय?

मामांनी साठचे बल्ब घातले आणि मध्ये रिले. जुनी निळी-पांढरी आणि निळी-लाल वायर आता फक्त रिलेला सांगायचं काम करणार, 85 आणि 86 नंबरच्या पायांवर. बल्बचा खरा करंट बॅटरीकडून नव्या जाड वायरीतून, फ्यूजमधून, 30 वर येणार आणि 87 मधून बल्बकडे जाणार. बटण आणि डिपर यांच्यावरचं ओझं उतरलं.

लग दाबताना मामा पकडीवर दोन्ही हातांचा जोर देतात, मग वायर ओढून बघतात. सुटली तर पुन्हा. वर सोल्डरचा एक थेंब, जास्त नाही. जास्त सोल्डर वायरीत चढला तर ती तेवढीच कडक होते आणि गाडीच्या हादऱ्यानं नेमकी तिथेच तुटते. मग स्लीव्ह, लायटरच्या आचेनं आवळून. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या टोकाला सोल्डरच्या जुन्या डागांचं घट्ट कातडं झालंय. गरम वायर ते त्यानंच धरतात.

सगळं जोडल्यावर बल्बवर मीटर: 12.1. इंजिन बंद असताना.

सायंकाळी 5.20
मामांचा फोन वाजला. कुणाची तरी नवी गाडी, डॅशवर पिवळा दिवा लागलाय. “ते स्कॅनरचं काम हाय भावा, माज्याकडं न्हाई,” म्हणून त्यांनी पुढच्या गल्लीतल्या एका मुलाचा नंबर दिला. अशा फोनची मी सकाळपासून मोजणी ठेवली होती. हा चौथा.

सायंकाळी 5.40
सगळं झालं असं वाटत होतं. डिकीतलं पुठ्ठ्याचं अस्तर पोरानं परत बसवलं, स्क्रू आवळले. सरांनी चावी फिरवली, ब्रेक दाबला. फट्. ब्रेक लाइट नाही. इंडिकेटर नाही. पेट्रोलचा काटा खाली. हिरव्या वायरींचा फ्यूज गेला.

पोरानं दुसरा फ्यूज काढला. मामांनी हात धरला. “दहाचा फ्यूज हाय. असं टाकत बसलास तर डबी संपंल.”

त्यांनी फ्यूजच्या जागी दोन क्लिपांमध्ये एक एकवीस वॅटचा बल्ब लावला. हे मी पहिल्यांदा बघितलं. पुढे कुठे वायर पत्र्याला लागलेली असेल, तर सगळा करंट या बल्बमधूनच जाणार. तो पूर्ण पेटेल, पण काही जळणार नाही. पोरानं ब्रेक दाबून धरला. बल्ब बॉनेटखाली लख्ख पेटला. आता मामा पुढून मागे चालत आले, वाटेत वायरीचा जुडगा हलवत. डॅशखाली: पेटलेलाच. दाराच्या पट्टीखाली: पेटलेलाच. डिकीत उजव्या कोपऱ्यात अस्तर किंचित उचललं, आणि पुढून सर ओरडले, “मंद झाला!”

अस्तराचा स्क्रू हिरव्या-जांभळ्या वायरीतून गेला होता. पोराचा चेहरा उतरला. मामा काही बोलले नाहीत. स्क्रू काढला, जखम झालेली वायर कापली, जोडली, स्लीव्ह घातली, आणि तिला वरच्या पट्टीला बांधली, स्क्रू पोचणार नाही अशी. आखूड स्क्रू शोधायला पोराला खणाशी पाठवलं. तो आला तसं म्हणाले, “बसवायच्या आदी मागं हात घालून बगायचं. मी पन असाच एक मारलाय, टाकीच्या वायरीत.”

सायंकाळी 7.10
अंधार पडल्यावर गाडी समोरच्या फाउंड्रीच्या भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी केली. मामांनी भिंतीवर खडूनं दोन फुल्या मारल्या, हेडलाइटच्या उंचीच्या. दिवे लावले. भिंत पांढरी झाली. विटेची एकेक सांध दिसली. डिपरवर झोत फुलीच्या खाली उतरला, उजवा जरा वर होता, तो दोन फेरे स्क्रू फिरवून खाली आणला. डिपर पायानं दाबायचा, त्यामुळे सर सवयीनं पाय आपटत होते. मामा म्हणाले, “आता हळू दाबा सर, त्याला आता काम न्हाई.”

इंजिन सुरू केलं. मंद चालीवर चार्जिंगचा लाल दिवा लुकलुकत राहिला. डायनामोच्या गाडीत ते चालतं. रेस दिली तसा विझला. बॅटरीवर 14.1.

सायंकाळी 7.40
बिलबुक छापील. रकाने तीन: माल, नग, दर. मामांनी पोराकडून लिहून घेतलं. रिले 320. होल्डर 90. वायर 252. बल्ब 380. किरकोळ 110. फ्यूज 10. एकूण माल 1162. दोन तास डॅशखाली उलटं पडलेलं मात्र त्या तीन रकान्यांत कुठेच बसत नाही. खाली मोकळ्या जागेत पोरानं ‘वायरिंग चेक’ असं लिहिलं आणि थांबला. मामा म्हणाले, “अठराशे.”

सरांनी बिल दोनदा वाचलं. डबी हातात घेऊन उलटी-सुलटी केली. “ही काढायचे काही लावले नाहीत?”

“तुमचीच हाय की. न्या.”

सरांनी तीन हजार दिले. अडतीस परत घेतले नाहीत. मग डबी खिशात घातली आणि मुलाला पिकअप घेऊन पुढे जायला सांगितलं. आता दोर लागणार नव्हता.

सायंकाळी 8.15
जुन्या वायरीचे तुकडे पोरानं एका डब्यात टाकले. डबा भरला की सोलून तांबं भंगारात जातं, किलोला सातशेच्या वर मिळतात, ते पैसे पोराचे. आज मूठभर निघालं. मग वही उघडली. मामा हात धूत सांगत होते, तो लिहीत होता. निळी अॅम्बेसेडर, कागल. रेग्युलेटरपासून फायरवॉलपर्यंत लाल वायर काढली. भोकाला रबर घातला. मागं दोन्ही बाजूंना काळी वाढवली. रिले डाव्या बाजूला, बॅटरीच्या ट्रेमागं. दुसऱ्या कुणी बॉनेट उघडलं तर त्याला काय सापडेल, ते पान भरून लिहिलं.

पोरानं ताडपत्री सोडली, शटर ओढलं, कुलूप घातलं. मामा स्कूटरवर बसले, किक मारली. गाडी चालू झाली आणि त्यांनी मान वळवली.

“मीटर बंद केलास?”

पोरगा क्षणभर उभा राहिला. मग खाली बसला, कुलूप काढलं, शटर गुडघ्याएवढं वर उचललं आणि वाकून आत गेला.